हलगीवाल्याला येत न्हाई

हलगी आधी जाळावर धरायची.
कडब्याच्या जाळावर, लांबनं, फिरवत फिरवत,
बाळाला शेकतात तशी.
मंग एक बोट मारायचं.
बोललं कातडं तर निघायचं,
न्हाई तर आणि एक पेंढी.

जतच्या अलीकडं, जाखाईच्या माळावर
बत्तीस वर्सं वाजवतोय मी,
पायरीच्या खाली. पायरी माझी न्हाई.
ठेका माझा.

हळू सुरू करतो. बायका बसल्याल्या असतात,
कुणी पोराला पाजतीय, कुणी लिंबू चाचपतीय.
मंग टिपरू जड करायचं, शिमटी नाचवायची
आणि शेवंताच्या पायाकडं बघायचं.
मान मागनं हलती. आधी अंगठा
माती उकरतो, एकदा, दोनदा.
तिला कळायच्या आधी मला कळतं.

केस सुटतात.
दिवसभर बेदाण्याच्या शेडवर काड्या निवडणारी बाई
मुकादमाला म्हणती, ये रं लेकरा,
आणि मुकादम आडवा,
टोपी हातात, नवी पॅन्ट भंडाऱ्यात.

उतरलं की पाणी मागती.
"काय बोललं वो, गुंडूदा?"
पाऊस सांगितला, म्हणतो मी.
बाकीचं माझ्यापाशी हाय.
कुणाची विहीर, कुणाचं पोर,
आणि नवऱ्याचं नाव घिऊन जे वरडली ते.
जिच्यात येतं तिला आठवत न्हाई,
पाया पडणारे आपापलं तेवढं नेतात.
सगळं ऐकायला एकटा मीच शुद्धीवर.

औंदा सांगलीहनं कॉलेजचं पोरगं आलं, ऐवळ्यांचं.
मोबाईलवर बर्फाच्या मुलखातला म्हातारा दाखवला,
अंगावर हरणाचं कातडं, हातात डफ,
आणि त्यो बी, आईशप्पथ,
डफ जाळावर धरत हुता.
फिरवत फिरवत. एक बोट मारून.
मला हसू फुटलं. भावकीतला निघाला की.

पोरगं सांगत बसलं,
कुठं पांढरा झगा घालून गोल गोल फिरतात,
कुठं समुद्राकाठी बाईवर देव बसतो,
तिला देवाचं घोडं म्हणतात.
आपण झाड म्हणतो, मी म्हणलं.
"पण मामा, ह्या बर्फातल्या लोकांत
वाजवणाऱ्यालाच येतं. त्योच जाऊन येतो."

पुढं काय सांगितलं ध्यानात न्हाई.
वाजवणाऱ्यालाच येतं.

त्या राती एकटाच माळावर गेलो.
जाखाई कुलपात. जाळ केला. वाजवली.
घाम आला, खांदा भरला,
विजापूरच्या रस्त्यानं एक ट्रक दिवा पाडत गेला.
कुत्रं आलं, बसलं, ऐकलं, उठून गेलं.
दुसरं काय आलं न्हाई.
डोक्यात सारखं एकच, सुटलं तर चुकंल.
बत्तीस वर्सं दुसऱ्यांना धाडायचं
आणि धाडलेली माघारी आणायची.
मोजणाऱ्याच्या अंगात
कुठनं शिरावं कुणी?

मंग परवाची आमवश्या.
शिमटी तुटली, बोट फाटलं,
एक घाव चुकला. एकच.

शेवंताचा एक डोळा उघडला.

लाल न्हवता. शेडवर पाच वाजायच्या आधी
घड्याळाकडं बघतो, त्यो डोळा.
घामेजल्या केसांतनं सरळ माझ्याकडं.
मी भ्यालो. वाटलं आता हिची लबाडी कळली,
नायतर माझी.
पण रागबी न्हवता त्यात, लाजबी न्हाई.
एका पोत्याची दोन टोकं धरल्याली माणसं
उचलताना बघतात एकमेकाकडं,
तसं.
अजून जरा, गुंडूदा.

घरी तिचा माणूस जागा हुता.

दुसरी शिमटी शोधत बसलो न्हाई.
त्याच बोटानं वाजवली.
कातडं अजून गरम हुतं, रगात
पडल्या पडल्या वाळत हुतं.

डोळा मिटला.
अंगठ्यानं माती उकरली, एकदा, दोनदा,
आणि ती गेली.
कुठं ते ठाऊक न्हाई.
मी हितंच हुतो, पायरीच्या खाली,
मोजत.